तिथी बघून बेट गाठा: कोकणातल्या जलदुर्गांवरचा दिवस कसा आखावा

कोकणातल्या बेटावर जायचा बेत बहुतेक लोक उलट्या टोकाने सुरू करतात. आधी शनिवार-रविवार ठरतो, मग खोली, मग गाडी. किनाऱ्यावर पोचल्यावर कळतं की अलिबागच्या कुलाबा किल्ल्याभोवती पुरुषभर पाणी आहे आणि ते उतरायला संध्याकाळ होईल. मालवणजवळच्या देवबागला वाळूचा पट्टा बघायला गेलेल्यांना फक्त पाणीच दिसतं. त्यामुळे आधी कॅलेंडरवर तिथी बघावी आणि बाकीचं त्यानंतर ठरवावं. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, तेव्हा त्याच दिवशी पुढच्या दोन महिन्यांच्या तिथी समोर ठेवून तारीख निवडली की निम्मं काम झालं.

पाऊणपटीचा हिशेब

किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: त्या दिवशीची तिथी घ्या, तिची पाऊणपट करा, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती. तिथून सव्वासहा तास पुढे-मागे गेलं की ओहोटी, म्हणजे सकाळी आणि रात्री सव्वानऊच्या आसपास. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराच्या पुढे-मागे. पक्ष शुद्ध असो की वद्य, गणित तेच.

हा अंदाज आहे, वेळापत्रक नव्हे. पौर्णिमेला यातून सव्वाअकरा येतात. प्रत्यक्षात मुंबई-अलिबागकडे भरती बारा-सव्वाबाराला लागते. त्या पट्ट्यात अर्धा ते एक तास पुढे धरावा. तारीख निवडायला एवढं पुरतं. निघायच्या दिवशी मात्र त्या बंदराचा तक्ता बघायचाच. सर्व्हे ऑफ इंडिया दरवर्षी हे तक्ते काढते आणि मोबाइलवरही ते मिळतात. शिवाय जेट्टीवर पोचल्यावर तांडेलाला, म्हणजे होडी हाकणाऱ्याला, विचारावं, "तांडेल काका, पाणी कधी फिरणार?" तक्ता आणि तांडेल यांच्यात फरक पडला तर तांडेलाचं ऐकावं. जोराचा वारा पाणी किनाऱ्याकडे ढकलत असेल तर ओहोटी तक्त्याएवढी उतरत नाही, हे त्याला त्या सकाळी डोळ्यांनी दिसलेलं असतं.

दुसरी गोष्ट, पाणी किती चढतं-उतरतं. पौर्णिमा-अमावस्येला उधाण, म्हणजे मोठा चढउतार; अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी चढउतार. सगळ्यात मोठं उधाण नेमकं पौर्णिमेला नसून बहुधा त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत येतं. मुंबईला उधाणाची सरासरी ओहोटी तक्त्यात पाऊण मीटरच्या आसपास दिसते, भांगाची पावणेदोन-दोन मीटरच्या. म्हणजे अष्टमीला भर दुपारी ओहोटी असली, तरी वाटेवर मीटरभर जास्त पाणी उभं असतं. "ओहोटी आहे म्हणजे चालत जाता येईल" हा समज इथे फसतो. दक्षिणेकडे जाल तसा हा चढउतार कमी होतो. मुंबई-अलिबागला उधाणात साडेतीन मीटरहून जास्त, मालवणला दोन मीटरच्या आसपास. उत्तरेकडे समुद्राचा तळ लांबवर उथळ आहे आणि खंभातच्या आखाताकडे पाणी कोंडत जातं, म्हणून ते तिकडे जास्त फुगतं.

यावरून तिथी वाटून घ्यावी. चालत किल्ला गाठायचा असेल तर द्वितीया ते पंचमी: ओहोटी सकाळी आठ ते साडेदहाच्या दरम्यान येते आणि पाणी पुरेसं उतरलेलंही असतं. मालवणला स्नॉर्कलिंग करायचं असेल तर सप्तमी ते नवमी, कारण भांगात पाण्याची ओढ कमी, गाळ कमी ढवळतो आणि तळ जास्त स्वच्छ दिसतो. खाडीतल्या तिसऱ्या (खायच्या शिंपल्या) आणि वाळूचे पट्टे यांच्यासाठी पौर्णिमा-अमावस्येनंतरचे दोन-तीन दिवस. एकाच सहलीत सगळं साधायचा हट्ट धरू नये.

ऋतू आणि दिवसाचा प्रहर

मे अखेरीपासून ऑगस्ट अखेरपर्यंत प्रवासी बोटी बंद असतात. यांत्रिक मासेमारीलाही १ जून ते ३१ जुलै बंदी असते. या काळात "आमचा माणूस आहे, नेतो" म्हणणाऱ्याच्या बोटीत पाय ठेवू नये. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात जातात, पण पाणी निवळायला ऑक्टोबर उजाडतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सर्वांत चांगला काळ.

प्रहराचं म्हणाल तर सकाळच. रात्रभर जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे वाहतात आणि सकाळी पाणी शांत असतं. अकरा-बारानंतर खारे वारे सुरू होतात, मार्च ते मे या दिवसांत ते चांगलेच जोर धरतात, आणि दुपारी तीन-चारला परतणारी छोटी बोट अंगावर पाणी घेतच येते. बोट लागणाऱ्यांनी पहिली फेरी धरावी, मध्यभागी बसावं, नजर क्षितिजावर ठेवावी. मोबाइलमध्ये बघू नये. रिकाम्या पोटी जाऊ नये आणि मिसळ खाऊनही नाही. दोन इडल्या किंवा घावन पुरे.

कुलाबा किल्ला: चालत जाण्याची रीत

अलिबागच्या किनाऱ्यापासून किल्ला दीड-दोन किलोमीटरच्या आत आहे. १६८० साली शिवाजी महाराजांच्या काळात बांधकाम सुरू झालं आणि पुढे तो आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं झाला. आत सिद्धिविनायकाचं मंदिर, पुष्करणी, गोड्या पाण्याची विहीर, तटावर चाकांच्या गाड्यावरच्या दोन तोफा. उत्तरेला लागूनच छोटा सर्जेकोट आहे.

१. ओहोटीची वेळ काढा. समजा ती ९:३० आहे. ८:०० च्या सुमारास निघा. पाणी अजून उतरत असेल आणि पुढच्या वाटेवर घोट्यापर्यंत लागेल, ते चालेल. गुडघ्याच्या वर लागलं तर थांबा, वीस मिनिटांनी पुन्हा बघा.

२. पायांत पट्ट्यांचे सँडल किंवा जुने कॅनव्हासचे बूट. साधी चप्पल ओल्या पुळणीत रुतते आणि बंद तुटतो. अनवाणीही नको: वाळू संपल्यावर खडक लागतो, त्यावर कालवांच्या कडा असतात आणि त्या पात्यासारख्या कापतात. हिरवं शेवाळ दिसेल तिथे पाय ठेवू नका. खडबडीत, करडा भाग धरून चाला.

३. पाय उचलून न टाकता वाळूवरून घसटत न्या. उथळ पाण्यात पाकट नावाची चपटी मासळी वाळूत दबून बसलेली असते. पायाची चाहूल लागली की ती निघून जाते, थेट अंगावर पाय पडला तर शेपटीचा काटा मारते. काटा लागलाच तर सोसवेल एवढ्या गरम पाण्यात पाय तास-दीड तास बुडवून ठेवावा, त्याने वेदना उतरते. पाणी इतकं गरम नको की कातडी भाजेल. नंतर डॉक्टर गाठायचाच, कारण काट्याचा तुकडा आत राहतो.

४. परतीची वेळ निघतानाच ठरवा: ओहोटीनंतर जास्तीत जास्त एक तास. या उदाहरणात १०:३०.

चौथ्या पायरीवरच सगळ्यांची फसगत होते, म्हणून जरा विस्ताराने. पाणी एकसारखं चढत नाही. चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. उधाणाचा चढ ३.६ मीटर धरा: पहिल्या तासात ३० सेंटिमीटर, दुसऱ्यात ६०, तिसऱ्यात ९०. पहिला तास काहीच घडत नाही असं वाटतं आणि माणूस तटावर फोटो काढत रमतो. शिवाय किल्ल्याचा खडक उंच आणि मधली पुळण सखल. तुमच्या पायाखाली कोरडं असताना मागची वाट भरलेली असते. अडकलात तर चालत निघायचा प्रयत्न करू नका. किल्ल्यात थांबा. भरती आली की होड्या सुरू असतात का ते विचारा, नाहीतर पुढच्या ओहोटीपर्यंत सावली धरून बसा. सहा-सात तास बसून कोणाचं काही बिघडत नाही, पाणी आणि थोडं खाणं जवळ असलं की झालं. ओहोटीत घोडागाडीही मिळते, पण वेळेचं हे गणित घोड्यालाही लागू आहे.

सिंधुदुर्ग: तासाभराची घाई टाळा

मालवणच्या कुरटे बेटावर या किल्ल्याचा पाया २५ नोव्हेंबर १६६४ ला घातला गेला. जवळपास ४८ एकरांचा विस्तार आणि तीन किलोमीटरच्या आसपास तट. जेट्टीवरून बोट दहा-पंधरा मिनिटांत पोचवते, पण सहसा तासाभरातच परत बोलावते. तेवढ्यात दरवाजा, शिवराजेश्वराचं मंदिर आणि महाराजांच्या हातापायांचे ठसे एवढंच होतं. तिकीट काढण्याआधीच विचारा: "दादा, नंतरच्या फेरीने आलो तर चालेल का?" बहुधा काहीतरी जमतं. गर्दीच्या सुट्टीत नाही म्हणतील, मग दुसरा दिवस बघा.

दोन-अडीच तास मिळाले तर डावी-उजवी न करता आधी तटावर चढा आणि ऊन वाढण्याच्या आत फेरी पुरी करा. मागच्या बाजूला राणीची वेळा नावाची लहानशी पुळण आहे, तिथे बहुतेक प्रवासी पोचतच नाहीत. मग खाली उतरून दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव बघा. चहूबाजूंनी खारं पाणी असताना या तीन विहिरींना गोडं पाणी आहे. किल्ल्यात आजही काही कुटुंबं राहतात. हे त्यांचं पाणी आहे, त्यात पाय धुवायचे नाहीत आणि बाटल्या बुचकळायच्या नाहीत. कोणी घरच्या ओट्यावर बसवून ताक किंवा कोकम सरबत दिलं तर पैसे विचारून द्यावेत आणि बसावं. बेटावर येऊन बसायचंच नसेल तर यायचं कशाला?

हर्णै आणि इतर

सुवर्णदुर्ग, खांदेरी, सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग ही चारही ठिकाणं जुलै २०२५ मध्ये 'मराठा लष्करी स्थापत्य' म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांत आहेत. नाव मोठं झालं तरी हर्णैच्या सुवर्णदुर्गावर सोयी वाढल्या असं समजून जाऊ नका. सावली थोडी, प्यायचं पाणी नाही, झुडपं माजलेली. मासेमारीच्या होडीने जायचं आणि उतरताना गुडघ्या-मांडीएवढ्या पाण्यात उडी पडेल असं धरून चालायचं. भाडं माणशी ठरवण्यापेक्षा अख्ख्या होडीचं ठरवा, आणि तीन गोष्टी आधीच पक्क्या करा: थांबायचे तास, लाइफ जॅकेट किती, परतीची वेळ. जॅकेट अंगाखाली उशी म्हणून मिळतं, ते घालून पट्टे आवळायचे असतात. महादरवाज्याच्या पायरीवर कासव आणि भिंतीत मारुती कोरलेला आहे, तो घाईत चुकतो. संध्याकाळी हर्णैच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव असतो, त्याआधी परत या. लिलावात मधे उभं राहून फोटो काढू नका. डोक्यावर टोपली घेतलेल्या मावशीला वाट हवी असते आणि ती ती घेतेच.

मुरूडचा जंजिरा राजपुरीहून. खांदेरी थळहून, तिथे १८६७ चं दीपगृह आणि वेताळाचं देऊळ आहे. जाण्यापूर्वी परवानगीची चौकशी थळलाच करावी. विजयदुर्ग तीन बाजूंनी पाण्यात असला तरी जमिनीने जोडलेला, त्याला होडी लागत नाही.

होडीतून पायरीवर उतरायची रीत सगळीकडे एकच. सामान आधी दुसऱ्याच्या हाती द्या. लाट होडीला वर उचलते तेव्हा पाऊल टाका, होडी खाली जात असताना नाही. होडी आणि दगड यांच्या फटीत हात किंवा पाय कधीही नको. तांडेलाचा हात मनगटाला धरा, बोटांना नाही.

पाण्याखाली

मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. प्रवाळ वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत, तेव्हा त्यावर उभं राहायचं नाही आणि तुकडाही उचलायचा नाही. शंकूच्या आकाराचा सुंदर शंख जिवंत असला तर विषारी डंख मारतो, म्हणून शंखही जागच्या जागीच बरे.

स्नॉर्कलिंगमध्ये पहिला त्रास मास्कमध्ये पाणी येण्याचा. मिशी असलेल्यांचा मास्क नाकाखालून गळतो. मिशीवर व्हॅसलीनचा जाड थर लावला की बराच फरक पडतो. केस पट्टीत अडकलेले नाहीत ना ते बघा आणि पट्टा फार आवळू नका, आवळला की रबर वाकडं होऊन जास्तच गळतं. काचेवर वाफ धरू नये म्हणून कोरड्या काचेला आतून थुंकी चोळून एकदा खळबळा. नळीत पाणी आलं तर जोरात फुंकर. हे सगळं आधी कमरेएवढ्या पाण्यात दहा मिनिटं करून बघावं.

सिलिंडर लावून खाली जायचं असेल तर सर्दी झालेली असताना जाऊ नका. खाली जाताना मीटरभरागणिक नाक दाबून हळू फुंकायचं असतं. नाक चोंदलेलं असलं की कानाचा पडदा दुखावतो. श्वास कधीही रोखून धरायचा नाही. दमा, हृदयविकार किंवा कानाचं ऑपरेशन झालेलं असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं, लपवू नये. त्यानंतर चिपी किंवा गोव्याहून विमान धरायचं असेल तर एका डाइव्हनंतर किमान १२ तास, अनेक केल्यास १८ तास मध्ये जाऊ द्या.

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. तिथल्या पट्ट्यावर गुडघाभर पाण्यात बसून राहणं हा फार मोठा आनंद आहे. मुखाकडे मात्र पोहू नये: ओहोटी लागली की नदीचं आणि खाडीचं पाणी एकदमच बाहेर धावतं. ओढले गेलात तर किनाऱ्याकडे सरळ न झुंजता ओढीला आडवं पोहत बाजूला निघा.

सोबत काय

माणशी दोन ते तीन लिटर पाणी. सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट, कडा असलेली टोपी, पंचा. रोख पैसे, कारण बेटावर नेटवर्क रुसतं. मोबाइलसाठी जलरोधक पिशवी. ऊन लागल्यास एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, घोट घोट. फोनमध्ये तीन नंबर: तटरक्षक दल १५५४, सागरी पोलीस १०९३, रुग्णवाहिका १०८. आणि एक रिकामी गोणपाटाची पिशवी, आपला कचरा परत आणायला.

रापण आणि तिसऱ्या

मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर सकाळी रापण लागलेली दिसली तर ठरलेला बेत सोडून थांबावं. होडी जाळं अर्धवर्तुळात सोडून येते आणि दोन्ही टोकांचे दोर माणसं किनाऱ्यावरून ओढतात. विचारलं तर तुम्हालाही दोर धरू देतात. दोर मनगटाला गुंडाळू नका, वाळूतल्या वेटोळ्यात पाय ठेवू नका, आणि ओढीचा ताल मोडू नका. जाळ्यात समुद्रसाप येतात. ते अत्यंत विषारी, मेल्यासारखे दिसले तरी हात लावायचा नाही. मासळी वाटल्यावर दोरीवरच्या माणसालाही थोडं मिळतं, तशी रीत आहे. नाही मिळालं तर मागू नये, विकत घ्यावं.

तिसऱ्या स्वतः वेचण्यापेक्षा खाडीत उतरणाऱ्या मावशींकडून वाटा घेणं चांगलं. चिखल कुठे रुततो ते त्यांना ठाऊक असतं. घेताना शिंपला बंद हवा. उघडा असेल तर टिचकी मारा, मिटला तर जिवंत, नाही मिटला तर टाका. साफ करताना सगळे नळाच्या पाण्यात टाकतात, तिथे चुकतं. गोड्या पाण्यात तिसरी मिटून बसते आणि वाळू आतच राहते. एक लिटर पाण्यात दोन सपाट मोठे चमचे मीठ घालून, झाकून, दोन-तीन तास सावलीत ठेवा. तळाशी वाळूचा थर दिसेल. वरच्या वर उचलून घ्या, पातेलं उपडं करू नका, नाहीतर तीच वाळू परत अंगावर येते.

चौघांसाठी दोन वाटे पुरतात. जाड बुडाच्या पातेल्यात पाणी न घालता, झाकण ठेवून मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटं. शिंपले उघडतात आणि स्वतःचं पाणी सोडतात. न उघडलेले फेकून द्या. पाणी फडक्यातून गाळा, तळाचे दोन चमचे सोडून द्या. मांसाची बाजू ठेवून रिकामा शिंपला काढून टाकला की झाली एकशिपी. दोन कांदे तेलावर परता, दोन चमचे मालवणी मसाला, एक वाटी ओलं खोबरं, चार-पाच आमसुलं, मग तिसऱ्या आणि गाळलेलं पाणी. पाच मिनिटांच्या वर शिजवू नका, चिवट होतात. मीठ सगळ्यात शेवटी, चव बघून, कारण पाणी मुळातच खारट असतं. सोबत भाकरी आणि सोलकढी: बारा आमसुलं एक वाटी कोमट पाण्यात अर्धा तास, एका नारळाचं दूध, चार लसूण पाकळ्या, एक हिरवी मिरची, मीठ. सोलकढी गरम करायची नाही, दूध फाटतं. तिसऱ्यांचं कालवण उरवू नये. खोलीवर फ्रिज नसेल तर तेवढंच शिजवावं जेवढं त्याच जेवणात संपेल.